मयताच्या गाडीतली जिवंत स्वारी

मी एक जुनी मयताची गाडी आहे. मित्रांनो, एवढं ऐकूनच तुमच्यातले काही जण मागे सरकले असतील. सरका, माझी हरकत नाही. मला त्याची सवय आहे. आमच्या कोल्डब्रुक गावात मी रस्त्याने निघाले की खेळणारी मुलं दगडी कुंपणाआड लपायची, बायका खिडक्यांचे पडदे ओढून घ्यायच्या आणि पुरुष टोपी काढून मान खाली घालायचे. माझ्याकडे सरळ पाहणारं कुणी नसे. आणि आत जो असे, त्याला बाहेर पाहता येत नसे.

पण माझ्या आयुष्यात एकदा एक स्वारी अशी आली, की ती साऱ्या वाटेने बाहेर बघत होती. तिचीच गोष्ट सांगायला मी आज तोंड उघडलं आहे.

आधी माझ्या जन्माचं सांगते. अमेरिकेतलं मोठं यादवी युद्ध संपून काही वर्षं झाली होती. आमचं व्हरमाँट म्हणजे डोंगर, गाई आणि मेपलची झाडं. मळे उंचावर, दफनभूमी खाली गावात. माणूस गेलं की चार जण त्याला खांद्यावरून उतरवायचे. एका वसंतात, बर्फ वितळून सगळीकडे चिखल झालेला असताना खांदेकऱ्यांचा पाय घसरला आणि एका म्हातारबुवांची शवपेटी ओढ्यात पडली. त्यानंतर गावसभेत ठराव झाला की गावाची म्हणून एक गाडी करून घ्यायची.

शेजारच्या गावातल्या दोघा भावांनी एका हिवाळ्यात मला घडवलं. थोरला लाकूडकाम करायचा, धाकटा लोहारकाम. धाकट्याने माझ्या पोटाखाली पोलादी पट्ट्यांच्या अशा मऊ कमानी बसवल्या, की खड्ड्यातून गेले तरी वरती पेला हिंदकळू नये. थोरला त्याला हसला.

"अरे, ज्याला आता काही दुखत नाही, त्याच्यासाठी एवढ्या कमानी कशाला?"

"मागून चालणाऱ्यांना दुखतं ना," धाकटा म्हणाला. "पेटी आत आपटली की त्यांच्या काळजात आपटते."

मग मला काळं रोगण चढलं. दोन्ही बाजूंना मोठ्या काचा, आत काळ्या झालरीचे पडदे, पुढे दोन पितळी कंदील आणि चारी कोपऱ्यांवर पिसांचे तुरे. बर्फ पडलं की माझी चाकं काढून खाली घसरणाऱ्या लाकडी पट्ट्या लावत. दफनभूमीच्या कडेला माझ्यासाठी एक छोटं घर बांधलं. त्याच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, गावाचा टाउन हॉल होता. म्हणजे गावाचं जगणं समोर आणि मरण माझ्या पाठीशी. मी मध्ये.

माझी देखभाल टटल घराण्याकडे होती. आधी बाप, मग त्याचा मुलगा एनॉस. कबरी खणणं, गाडी हाकणं, हॉलची शेगडी पेटवणं, सगळं एनॉसच करायचा. तो अबोल होता. माझ्या घरात शिरला की आवाज आणखीच खाली आणायचा, जणू कुणी झोपलेलं आहे. दर शनिवारी तो मला पुसायचा. कमानींना तेल द्यायचा. लोक मागून चालताना म्हणायचे, "पाण्यावरून नेल्यासारखं नेते ही." ते ऐकलं की मला बरं वाटायचं. दुःखाच्या कामात का होईना, आपण कुणाला धक्का देत नाही याचा मला अभिमान होता.

समोरच हॉल असल्यामुळे दर चार वर्षांनी नोव्हेंबरात होणारी राष्ट्राध्यक्षाची निवडणूक मला दाराच्या फटीतून दिसायची. डोंगरावरून बग्ग्या उतरायच्या. पुरुष बूट पुसून आत जायचे. बायका तळघरात भाजलेले बीन्स आणि डोनट घेऊन बसायच्या, नाहीतर बाहेर थंडीत घोडा धरून उभ्या राहायच्या.

त्या घोडा धरणाऱ्यांतली एक होती लोव्हिना थ्रॉल. मी गावात आले तेव्हा ती तिशीची होती. तिच्या नवऱ्याचा घोडा बुजरा होता, गर्दीत उधळायचा, म्हणून तो तिला बरोबर आणायचा. नवरा आत मत देऊन, चार गप्पा हाणून यायचा आणि ती तोवर लगाम धरून हॉलच्या दाराकडे बघत उभी असायची. पुढे तो घोडा मेला, त्याच्या जागी गरीब घोडा आला, तरी ती येतच राहिली. नवऱ्याला मी पोचवलं. मग तिचा मुलगा सेल्डन मत द्यायला लागला, तेव्हाही ती यायची. एकदा एनॉसने तिला विचारलं होतं, "लोव्हिनामावशी, तुला थंडीत काय मिळतं गं इथे उभं राहून?"

ती म्हणाली, "माझा एक भाऊ या देशासाठी त्या युद्धात गेला, एनॉस, मग देश माझाही आहेच. मी इथे उभी नसते, तर त्यांना वाटलं असतं की बायकांना आत यायचंच नाहीये."

ती म्हातारी झाली. गावातले सगळेच तिला मावशी म्हणत. आणि मग १९२० साली, ऑगस्टात, बातमी आली की आता देशभरातल्या बायकांनी मत द्यायचं. एनॉसने मला पुसता पुसता ती बातमी स्वतःशीच पुटपुटली, म्हणून मला कळली.

पण त्याच ऑक्टोबरात मावशी सफरचंदं काढताना शिडीवरून पडली. अठ्ठ्याहत्तरीचं शरीर. कमरेचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सांगितलं, हलायचं नाही, धक्का लागता कामा नये, हा हिवाळा निघाला तर बघू.

मित्रांनो, तिने काय केलं माहीत आहे? तिने गावच्या चिटणिसाला डोंगरावर बोलावून घेतलं. मतदाराची शपथ उजवा हात वर करून घ्यावी लागते. तिने ती पाठीवर पडल्या पडल्या घेतली. हे सेल्डनला आवडलं नाही. सेल्डन थ्रॉल हा गावाने निवडलेल्या तीन कारभाऱ्यांपैकी एक. माणूस सरळ होता, कष्टाळू होता, पण घरातून एकच मत पुरे, असं त्याचं ठाम मत होतं. त्याची बायको थर्झा मुकाट्याने ऐकणारी. तिने शपथ घेतली नाही.

मतदानाच्या आधी सलग पाऊस झाला. रस्त्यांचा राडा झाला. मतदानाच्या दिवशी सकाळी एनॉस हॉलची शेगडी पेटवून नुकताच माझ्याकडे आला होता, तेवढ्यात थर्झा दारात उभी राहिली. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावरची शाल भिजलेली. डोंगरावरून पायी आली होती.

"एनॉस, गाडी हवीय," ती म्हणाली.

एनॉसने डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाला, "कधी गेली गं मावशी?"

"गेली नाही. जायचंय. मतदानाला."

एनॉस पालथ्या बादलीवर बसलाच.

थर्झाने सगळं सांगितलं. आईंच्या हट्टापुढे नमून डॉक्टर आपली मोटार पाठवणार होते, ती डोंगराच्या पायथ्याशी रुतली. मळ्यावरची गवताची गाडी अशी हादरते, की आईंचं उरलेलं हाडही मोडेल. आडवं झोपवून, पाय सरळ ठेवून, धक्का न लावता नेणारी गावात एकच गाडी आहे.

"आणि सेल्डन?" एनॉसने विचारलं.

"तो पहाटेच हॉलवर आला. कारभारी आहे ना, त्याला टेबलाशी बसायचंय. निघताना आईंना म्हणाला, 'आपल्या गावात कोण जिंकणार हे गाईंनाही ठाऊक आहे. तुझ्या एका मताने काय आभाळ कोसळणार आहे? पडून राहा.'"

"मग मावशी काय म्हणाली?"

"म्हणाल्या, 'कोण जिंकणार हे तुलाही ठाऊक असतं, तरी दर वेळी बूट पुसून जातोसच ना?' तर तो चिडला. म्हणाला, 'जन्मभर हट्टच केलास तू. आता मरतानाही मला सुखाने राहू देऊ नकोस.' आणि दार आपटून गेला."

एनॉस हनुवटी खाजवत राहिला. "थर्झा, गाव मला फाडून खाईल. ही गाडी मेलेल्यांसाठी आहे."

"मला वाटलंच तू असं म्हणशील, आणि आईंनाही वाटलं. त्यांनी निरोप दिलाय, की गाडी गावाची आहे, मग मी काय गावाची नाही? शेवटी मला तिच्यातच घालणार आहात ना? एकदा जिवंतपणी बसले तर ती काय झिजणार आहे?"

"आणि वाटेत काही झालं म्हणजे?"

"ते मीही विचारलं. म्हणाल्या, तर एनॉसची एक खेप वाचेल."

आणि मित्रांनो, एनॉस हसला. त्या घरात, माझ्या देखत, कुणी मोठ्याने हसल्याचं मी आजवर ऐकलं नव्हतं. हसता हसता त्याने डोळे पुसले आणि शिडी लावून माझ्या कोपऱ्यांवरचे तुरे उपटायला लागला.

"हे काय करतोस?" थर्झाने विचारलं.

"जिवंत माणसाला तुरे नकोत," तो म्हणाला.

आम्ही डोंगर चढलो. मला जुंपलेली घोडी धापा टाकत होती, चाकं आऱ्यांपर्यंत रुतत होती. थ्रॉलांच्या मळ्यावर पोचलो तेव्हा मावशी तयार होती. डोक्याला चर्चला जायची काळी बॉनेट-टोपी, गळ्याशी पांढरी कॉलर. तोंडावर मात्र रक्त नव्हतं. बिछान्याखाली फळी सरकवून एनॉस, थर्झा आणि शेजारच्या मळ्यावरचा एक गडी, अशा तिघांनी तिला बाहेर आणलं. अंगणात तिने त्यांना थांबवलं आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. वरपासून खालपर्यंत.

"नवऱ्याला हळू नेलं होतंस तू," ती मला म्हणाली. "आज मला ने. पण थांबताना रस्त्याची बाजू चुकू नकोस हं. तुझ्या नाही, समोरच्या दाराशी थांबायचंय."

तिला आत ठेवलं. अंगावर रजई घातली. एनॉसने सवयीने पडदे ओढले तर ती ओरडली, "उघड ते! इतकी वर्षं हा रस्ता बघतेय, झोपून कधी बघितला नाही."

उतार लागला. थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आलं, की माझ्या काचेवर आतून वाफ धरली आहे. तुम्ही हिवाळ्यात खिडकीपाशी उभे राहिलात की तुमच्या श्वासाने धरते तशी. जवळजवळ पन्नास वर्षं मी माणसं वाहिली होती. माझी काच आतून कधी धुरकटली नव्हती. मावशी बाहीने ती पुसायची, बाहेर बघायची. पुन्हा वाफ धरायची, ती पुन्हा पुसायची. उघडीबोडकी मेपलची झाडं, दगडी कुंपणं, चिखलात उभ्या गाई, सगळं ती नावं घेऊन घेऊन बघत होती. "हा बघ प्रॅटचा गोठा, अजून छप्पर नाही केलंन." "तिथे माझी पहिली गाय पुरलीय."

मी माझ्याकडून शिकस्त केली. प्रत्येक खड्डा कमानींवर झेलला. तरी ओढ्यावरच्या फळ्यांच्या पुलावर एक धक्का बसलाच. ती किंचाळली नाही, पण तिच्या तोंडून जो आवाज आला तो मला अजून ऐकू येतो. थर्झा तिच्या बाजूला अंग दुमडून बसली होती, तिने मावशीचे हात घट्ट धरले. एनॉसने गाडी थांबवली.

"मावशी, परत फिरवू का?"

"फिरवायला इथे जागा तरी आहे का?" ती दातओठ खात म्हणाली. "चल पुढे."

गाव आलं. हॉलच्या पायऱ्यांवर पुरुषांचा घोळका होता. थ्रॉलांच्या डोंगरावरून मला येताना त्यांनी पाहिलं आणि बोलणं तुटलं. एकेकाने टोपी काढली. माना खाली गेल्या. कुणीतरी आत धावलं. दार उघडंच होतं, त्यामुळे मला ऐकू आलं. "सेल्डन, बाहेर ये. तुझ्या घराकडून एनॉस आलाय. गाडी घेऊन."

सेल्डन बाहेर आला. पन्नाशीचा धिप्पाड गडी, पण पायऱ्या उतरताना कठडा धरून उतरला. त्याच्या ओठांना रंग नव्हता. तो माझ्यापाशी आला, काचेतून आत बघायचं धाडस त्याला झालं नाही. हात काचेवर टेकवून तो नुसता उभा राहिला. तेवढ्यात आतून काचेवर बोटांची टकटक झाली.

"सेल्डन, मागचं दार उघड," मावशी म्हणाली. "हे आतून उघडत नाही."

घोळका दोन पावलं मागे हटला. एकाच्या हातातली टोपी चिखलात पडली. सेल्डनने दार उघडलं आणि खालच्या पायरीवर मटकन बसला. दोन्ही हातांत तोंड धरून तो म्हणाला, "आई, मला वाटलं तू गेलीस. मला वाटलं, सकाळी मी जे बोललो तेच शेवटचं ठरलं."

"बोललास ते मला ऐकू आलं होतं," मावशी म्हणाली. "आता रडू नकोस. उचल मला."

मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "आता मेलेलेही मत द्यायला यायला लागले!"

"मेलेली असते तर तुमच्या रांगेत कशाला तिष्ठले असते?" मावशीने आतूनच सुनावलं, आणि काही जण हसले. पण टोप्या कुणी पुन्हा घातल्या नाहीत.

चिटणीस वीड दारात आला. भला माणूस, पण नियमाचा पक्का. "लोव्हिना, मतपेटी उंबऱ्याबाहेर आणता येणार नाही. कायदा आहे."

"मी कुठे पेटीला बोलावतेय? मला आत यायचंय. आयुष्यभर बाहेरच तर उभी होते."

वीड बाजूला झाला. फळी उचलायला चौघं लागणार होते. पायऱ्यांवरचे तिघं पुढे आले. त्यांतल्या दोघांनी माझ्यातून कितीतरी पेट्या उतरवल्या होत्या. चौथा कोपरा रिकामा राहिला. सगळे सेल्डनकडे बघत होते. तो मग उठला, बाहीने नाक पुसलं आणि डोक्याकडचा कोपरा खांद्यावर घेतला.

सवयीने ते तिला पाय पुढे करून न्यायला लागले, तेव्हा एनॉस मोठ्याने ओरडला, "उलट! उलट फिरवा! डोकं पुढे. जिवंत माणसाला डोकं पुढे करून नेतात."

आणि ते तिला घेऊन आत गेले. दार लागलं.

मित्रांनो, आत काय झालं ते मी पाहिलेलं नाही. माझी जागा बाहेरच. घोडीचा लगाम थर्झाने धरला होता. आत माणसं दाटली म्हणून एनॉस बाहेर आला आणि म्हणाला, "मी धरतो. तू जा, बघ तरी."

"नको. माझं नाव नाही यादीत."

"का नाही?"

थर्झाने घोडीच्या मानेवर कपाळ टेकलं. "आईंनी त्याचं ऐकलं नाही," ती म्हणाली. "मी ऐकलं."

दोघं तशीच उभी राहिली. मला वाटतं, त्या सगळ्या दिवसात मला सर्वांत जड वाटलं ते तेव्हा, माझ्या आत कुणीही झोपलेलं नसताना.

आतली हकीकत एनॉसने लोकांकडून ऐकली आणि मला नंतर त्याच्या तोंडून कळली. मत द्यायच्या पडद्याच्या खोपट्यात फळी मावेना. तेव्हा तळघरातल्या दोन बायका वर आल्या आणि त्यांनी मावशीचीच रजई तिच्याभोवती पडद्यासारखी धरली. सेल्डन पाठ करून उभा राहिला. मावशीला वेळ लागला, कारण तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक नाव वाचलं. मागे रांग खोळंबली होती, पण कुणी खाकरलंसुद्धा नाही. कागद पेटीत पडल्यावर वीडने तिचं नाव मोठ्याने पुकारलं, तसं तो सगळ्यांचंच पुकारायचा. इथले लोक टाळ्या वाजवणारे नाहीत. रांगेतल्या एका म्हाताऱ्याने फक्त एवढंच म्हटलं, "झालं बरं का लोव्हिना." आणि ती म्हणाली, "हो. झालं."

दार उघडलं तेव्हा तिच्या हातात डोनट होता.

परतीच्या वाटेवर सेल्डन माझ्याबरोबर चालत आला. चिखलातून, एक हात काचेच्या चौकटीवर ठेवून, सगळा डोंगर. कारभाऱ्याची खुर्ची त्याने दुसऱ्याला बघायला सांगितली होती. मग त्याने विचारलं, "कुणाला दिलंस?"

"तुझ्या बापाने जन्मात मला कधी सांगितलं नाही," आतून उत्तर आलं. "मी तुला का सांगू?"

सेल्डन हसला की काय, ते मला कळलं नाही. पण त्याचा हात चौकटीवर तसाच राहिला.

मावशी फेब्रुवारीत गेली. गावात दोन तट पडले. काही म्हणाले, त्या दिवशीच्या धक्क्यानेच ती गेली, एनॉसने आणि सुनेने मिळून तिला मारलं. डॉक्टर म्हणाले, छातीत कफ झाला, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला होतो. खरं काय ते मलाही माहीत नाही. तो पूल मला आठवतो आणि मी गप्प बसते. सेल्डनला मात्र कुणी तोंडावर तसं बोललं, तर तो एवढंच म्हणायचा, "तिने स्वतः विचार करून गाडी मागवली होती." हिवाळ्यात इथली जमीन दगडासारखी गोठते, कुदळ लागत नाही. म्हणून मी तिला आधी बर्फावरून घसरत, जमीन सैल होईपर्यंत पेट्या ठेवायच्या दफनभूमीतल्या दगडी खोलीत नेऊन ठेवलं आणि मे महिन्यात, मेपलला पानं फुटल्यावर, कबरीपाशी. काच दोन्ही वेळा स्वच्छ राहिली.

पुढच्या निवडणुकीला थर्झा रांगेत उभी असलेली मी पाहिली. तिच्या मागे सेल्डन होता. पुढे नाही, मागे.

मग माझे दिवस फिरले. तालुक्याच्या गावात मोटारीची शववाहिनी आली आणि लोक तिला बोलावू लागले. मी रागावले नाही. चिखलाचे रस्ते गेले होते, घोडे गेले होते. पण एनॉस गेला तेव्हा त्यालाही मोटारीनेच नेलं. माझ्या घरासमोरून नेलं. त्या दिवशी मला फार वाटलं, की एकदा कुणी माझं दार उघडावं. कुणी उघडलं नाही.

त्यानंतर माझ्या घरात रंगाचे डबे, बर्फ अडवायच्या जाळ्या, मोडकी बाकं साठत गेली. उंदरांनी झालरी कुरतडल्या. पोरं एकमेकांना पैज लावून माझ्यात झोपायला यायची आणि किंचाळत पळायची. त्यांतल्या कुणीतरी डाव्या बाजूची काच फोडली. छप्पर गळायला लागलं आणि माझं रोगण फोडासारखं सुटून आलं.

मग दुसरं महायुद्ध आलं. लोखंड, पितळ, जे असेल ते सरकारला हवं होतं. १९४३ च्या मार्चमधल्या गावसभेत एकाने सुचवलं, की ती मयताची गाडी भंगारात द्या, कुणाच्या उपयोगाची नाही. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. कित्येकांची मुलं लढाईवर होती. तेव्हा थर्झा उठली. केस पांढरे झाले होते. तिने उभ्या जन्मात गावसभेत तोंड उघडलं नव्हतं.

ती म्हणाली, "माझा नातू जहाजावर आहे. लोखंड द्यायला माझी ना नाही, तिचं आहे तेवढं सगळं द्या. पण लाकडाच्या बंदुका होत नाहीत. या हॉलच्या दाराशी माझ्या सासूबाईंना आणणारी तीच होती, तुमच्यापैकी कुणी नव्हतं. तेवढं लाकूड राहू द्या."

हात वर झाले. वीडच्या जागी आलेल्या नव्या चिटणिसाने मोजले. लोखंड आणि पितळ जाईल, सांगाडा राहील, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्तरी ओलांडलेला सेल्डन पाना आणि हातोडा घेऊन एकटाच आला. भंगारवाल्यांना त्याने सांगितलं होतं की काढायचं ते मीच काढून देईन. त्याने आधी आपल्या मळ्याच्या कुंपणातले सपाट दगड आपल्या गाडीतून आणून माझ्या चारी कोपऱ्यांखाली रचले. मग कंदील उतरवले. मग एकेक चाक उतरवून त्याची लोखंडी धाव काढली, मग कमानी. शेवटची कमान काढायच्या आधी तो थांबला. फुटलेल्या काचेच्या भोकातून त्याने आत पाहिलं. आत जाळ्या आणि रंगाचे डबे होते, दुसरं काही नव्हतं.

"आई," तो हळूच म्हणाला, "जरा धक्का बसेल हं."

आणि त्याने मला हलकेच दगडांवर उतरवलं.

मित्रांनो, मी अजून त्याच दगडांवर आहे. मला चाकं नाहीत, कुठे जायचं नाही. कधीतरी तुमच्यासारखी मुलं शाळेबरोबर येतात आणि दारातच थबकतात. आत या. उन्हाळ्यात माझं दार चार दिवस उघडं ठेवलंत तर लाकूड सडणार नाही. छपराची एक फळी बदललीत तर आणखी काही वर्षं निघतील. एवढंच माझ्यासाठी करा. बाकीचं तुमच्या घरच्यांसाठी. तुमच्या गावात मतदानाचा दिवस येईल आणि घरात कुणी म्हातारं, आजारी माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेलं असेल. त्याला जमणार नाही असं तुम्हीच आधी ठरवून टाकू नका. यायचंय का, एवढं विचारा. गाडी कोणती मिळते ते मग बघता येतं.